थांबा

लोकलच्या वेळापत्रकाचं छोटं ॲप मी रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये बांधायला घेतलं, तेव्हा पहिली दोन मॉडेलं लिहिली: गाडी आणि स्थानक. एका गाडीला स्थानकं अनेक, एका स्थानकात गाड्या अनेक, म्हणून दोघांची थेट गाठ मारली. मधल्या टेबलात फक्त दोन आयडी. त्याला स्वतःचं मॉडेल दिलंच नाही.

अडलं ते वेळेपाशी. कल्याणहून सुटलेली लोकल ठाण्याला किती वाजता येते, हे लिहायचं कुठे? गाडीत लिहावं तर तिची वेळ स्थानकागणिक वेगळी. स्थानकात लिहावं तर ठाण्याला दिवसभर गाड्यांची रीघ. प्लॅटफॉर्म नंबर मी गाडीच्या टेबलात कोंबला, तर डोंबिवलीचा नंबर कल्याणलाही दिसू लागला.

डोंबिवलीकर असून मला हे आधी सुचायला हवं होतं. जलद लोकल ठाकुर्ली, कोपरवरून धडधडत जाते, थांबत नाही. रूळ तिथून जातात एवढ्यानं नातं जुळत नाही. ते जुळतं थांब्यानं. वेळ थांब्याची, प्लॅटफॉर्मही थांब्याचा. मी 'थांबा' हे तिसरं मॉडेल लिहिलं आणि गाडीला स्थानकं थांब्यांमार्फत दिली. मधल्या नात्याचं असं पूर्ण मॉडेल करू देणारं 'हॅज मेनी थ्रू' रेल्समध्ये २००६ साली, १.१ आवृत्तीत आलं.

खरी गोडी पुढे आहे. डोंबिवलीहून दिव्याला थेट गाडी कोणती? या दोन स्थानकांमध्ये डेटाबेसात एकही रेघ नाही. एकाच गाडीचे दोन थांबे शोधायचे आणि दिव्याचा क्रमांक डोंबिवलीच्या नंतरचा हवा. थांब्यात हा क्रम ठेवला नाही, तर मुंबईहून कल्याणकडे येणारी गाडीही उत्तरात येते आणि माणूस चुकीच्या दिशेला जाऊन बसतो. गाडीच्या यादीतून दिवा काढला, तर रेल्स फक्त थांब्याची ओळ पुसतं. गाडी आणि स्थानक दोन्ही शाबूत राहतात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

आता दोन मॉडेलं जोडण्याआधी मी मधल्या नात्याला आपल्याकडे शब्द आहे का, ते शोधते. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालयच घ्या, १८९३ पासूनचं. वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये काय असतं, हे ग्रंथालयाच्या काउंटरवरचा माणूस क्षणात सांगेल: देवघेव. नेल्याची तारीख, परतीची तारीख, दंड, सगळं तिथंच नोंदलेलं असतं.