न विचारलेलं

माझ्याकडं काम शिकणारी मुलगी आता शेतकऱ्यांच्या अ‍ॅपसाठी मेनू काढायला तयार नाही. अमरावतीच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेऊन आलेली, हुशार आणि कामसू. "ताई, माणसाला बोलू द्या ना. तो विचारेल, मोबाइल सांगेल. मधे यादी कशाला?" असं तिचं म्हणणं, आणि गेल्या खरिपापासून आमची निम्मी कामं तिच्याच पद्धतीनं होताहेत. माइकचं चित्र दाबायचं, आपल्या बोलीत विचारायचं, उत्तर ऐकायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे किती मोठं आहे ते मी रोज पाहते. तरी यादी माझ्याच्यानं सोडवत नाही. अर्धं आयुष्य याद्या लावण्यात गेलं, म्हणून हा जीव अडकलाय का? थोडं तसंही असेल. पण तेवढंच नाही.

तालुक्यातल्या एका गावची बाई आमच्या चाचणीला आली होती. तिनं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "मालक वारले. सातबाऱ्यावर माहं नाव कसं चढन?" उत्तर चोख आलं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, तलाठ्याकडं अर्ज, मग फेरफार. बाई समाधानानं उठली. शिकणारी मुलगी माझ्याकडं बघून हसली, आणि तिचं हसू रास्त होतं. मी चहा ओतता ओतता विचारलं, "काय झालं होतं मालकाले?" तर म्हणे, "सोयाबीन सोंगताना पान लागलं." आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात.

सर्पदंशानं शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं जातो, तलाठ्याकडं नाही. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर कमावता माणूस गेल्याबद्दल राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, आणि निराधार बाईसाठी संजय गांधी योजनेचा महिना. ही दोन्ही कामं तहसिलीत. शिवाय रेशन कार्ड, बँकेचं खातं, विहिरीवरच्या पंपाचं मीटर. यातलं एकही तिनं विचारलं नव्हतं, म्हणून एकही तिला कळलं नाही. मोबाइल खोटं बोलला नाही, अर्धवटही बोलला नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्यानं पूर्ण उत्तर दिलं.

जे आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस विचारणार कसं? ही गाठ मला या धंद्यात पहिल्यापासून छळते आहे. बोलका मोबाइल आल्यानं ती सुटली नाही, उलट डोळ्यांआड गेली. पूर्वी मेनू वाईट असला तर माणूस भटकायचा, आणि भटकताना चार नावं नजरेखालून जायची. आता तो सरळ हव्या त्या दारात जाऊन परत फिरतो. बाकीची दारं होती हे त्याला कधी कळतच नाही.

मुलीनं लगेच उपाय काढला, की मोबाइलनं उलट विचारावं: मालक कशानं वारले? मी ते करू दिलं नाही. सव्वा महिना न झालेल्या बाईला एका यंत्रानं हे विचारायचं? आणि विचारलं तरी ती "पान लागलं" म्हणणार, तेव्हा यंत्र विड्याच्या पानाचा भाव सांगणार नाही याची हमी कोण देणार? बोली यंत्राला शिकवता येईल, ते मुलगी करतेच आहे. पहिल्या प्रश्नावर मात्र मी हटत नाही. यादी कुणाची उलटतपासणी घेत नाही. "अपघात, साप, वीज, पाण्यात बुडून" अशी एक ओळ नुसती लिहिलेली असली, की ज्याचं दुःख असेल तो ती ओळ ओळखतो आणि आपल्या हातानं दाबतो. त्याला कुणापुढं काही बोलावं लागत नाही.

हे मला पुण्यातल्या नोकरीनं शिकवलं नाही. नांदगाव खंडेश्वरला परत आले तेव्हा एका सेवानिवृत्त तलाठी काकांनी जुनं दप्तर समजावून सांगितलं, तिथं माझी खरी उमेदवारी झाली. गाव नमुने एकूण २१. त्यातला सातवा जमिनीच्या अंगानं लावलेला: हा गट नंबर, हे त्याचे खातेदार. आठ-अ माणसाच्या अंगानं: हा खातेदार, या त्याच्या साऱ्या जमिनी. सहावा घडलेल्या गोष्टीच्या अंगानं: विकली, वाटणी झाली, माणूस गेला, ते ओळीनं फेरफार नंबर टाकून. सहा-क तर नुसती वारसांची नोंदवही. एकच गोष्ट तीन वाटांनी सापडावी म्हणून तीन ठिकाणी, आणि सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा नंबर, म्हणजे एका वहीतून दुसरीत जाण्याची खूण. गेलेल्या माणसाचं नाव हाती सातबाऱ्यावर खोडत नसत, कंसात टाकत. खाली वारसांची नावं येत, पण वरचं नाव वाचता येई. काका बोटानं दाखवत, "हा कंस म्हणजे अख्खी गोष्ट हाय पोरी." आज संगणकावर कमी झालेल्या नावावर आडवी रेघ येते. तीही मला पटते, कारण नाव रेघेखाली राहतं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण काढलं तेव्हा ग्रंथालयांपुढं हाच पेच होता: पुस्तकाला फळी एक आणि विषयाला अंगं अनेक. त्यांचं नाव आमच्या धंद्यात सगळे घेतात. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं कुणी घेत नाही, याचा मला राग आहे, आणि त्यांचं शिक्षण आमच्या अमरावतीत झालं म्हणून जास्तच. ज्ञानकोश म्हटलं की 'अ'पासून सुरुवात अशी सगळ्यांची समजूत. केतकरांनी पहिले पाच खंड प्रस्तावनेचे केले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अकारविल्हे मजकूर सहाव्या खंडापासून. ज्याला शब्द ठाऊक आहे त्याला अकारविल्हे पुरतं. ज्याला शब्दच ठाऊक नाही, त्याला आधी सगळा मुलूख दाखवावा लागतो. मी त्या पाच खंडांकडं तसं बघते.

आता आमच्या धंद्यातले बाकीचे. मोठ्या शहरातून शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप येतात, त्यांचा पहिला पडदा विभागांच्या नावांनी लावलेला असतो: महसूल, कृषी, सामाजिक न्याय, ऊर्जा. मंत्रालयात बसणाऱ्याला ती यादी बरोबर वाटते. माणूस गेलेल्या घराला ऊर्जा विभाग कुठून सुचणार? त्याहून मला चीड येते ती एकसारख्या चौकोनांची. आमच्या जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे आणि चांदूर बाजार आहे. मंगरूळ चव्हाळा आमच्या तालुक्यात, मंगरूळ दस्तगीर धामणगाव रेल्वेत, आणि मंगरूळपीर वाशीम जिल्ह्यात. माहुली चोर इकडं, माहुली जहागीर तिकडं. नांदगाव म्हटलं तर नाशिकचं, नांदगाव पेठ, की आमचं खंडेश्वराचं? गावांनी आपली ओळख नावाच्या शेपटीत ठेवली आहे, आणि चौकोन सुबक राहावा म्हणून हे लोक नेमकी शेपटी कापून तीन टिंबं देतात. दोन ओळी होऊ द्या, खाली तालुका लिहा, चौकोन लहान-मोठे झाले तर होऊ द्या. एका बैठकीत यावर मी एवढी भांडले, की नंतर मला बोलावणं आलं नाही. नवीन सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी गावाचा कोड छापतात, ते पाहून मला कुणीतरी आपलं ऐकल्यासारखं वाटलं होतं. माझा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

मला गर्व आहे, तो मी झाकत नाही. सेवा केंद्राच्या बाकावर बसून मी अनोळखी माणसाचं बोट बघत राहते. मी लावलेल्या यादीवर ते न अडखळता खाली उतरून बरोबर ओळीवर थांबलं, की मला जे वाटतं ते पगारानं कधी वाटलं नाही. त्या माणसाला मात्र यादी कुणी लावली असेल असा विचारही शिवत नाही. तसंच असायला हवं हे मी मुलीला शिकवते, आणि मनातून त्यानं एकदा मान वर करून विचारावं असंही मला वाटत राहतं.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर कामांची नावं लिहून मी बायांपुढं मांडते. एका मावशीनं पीक कर्ज, विमा आणि बियाणं एकत्र ठेवून सांगितलं, "हे पेरनीच्या पयलेचं." पंचनामा आणि अनुदान एकत्र, "हे पानी येऊन गेल्यावरचं." आमचा मेनू त्या दिवसापासून हंगामानं लागतो. वारस नोंदीची पत्रिका मात्र तिनं हातात धरून ठेवली, कुठल्याच ढिगात टाकली नाही. मरणाला हंगाम नाही, म्हणून त्याची वेगळी यादी केली: घरातला माणूस गेल्यावर करायची कामं. आता बोलका मोबाइल आधी विचारलेलं सांगतो, आणि मग ही यादी पडद्यावर ठेवतो.

वाचता येणाऱ्यांचं त्यात भागतं. बाकीच्यांना ती ऐकवावी लागते, आणि ऐकलेल्या यादीत चौथं नाव येईपर्यंत पहिलं विसरतं. बोट ठेवायला जागा नाही, मागं फिरायला वाट नाही. म्हणून तीन कामं सांगून थांबायचं आणि "पुढचं सांगू का?" म्हणायचं, इथवर आम्ही दोघी आलो आहोत. भांडण पहिल्या तिनांवर आहे. मी म्हणते, मुदत असलेलं आधी, म्हणजे अपघात आणि साप. मुलगी म्हणते, म्हातारपणानं गेलेल्या माणसाच्या घरी साप-विजेचं नाव आधी काढायचं का? तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. येत्या आठवडी बाजारात दोन्ही ऐकवून बघणार आहोत. एक तिच्या आवाजात, एक माझ्या.