चिंचोके आणि पाढे

शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, शाळापूर्व तयारी मेळाव्याचा. 2022 पासून राज्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत हा 'पहिले पाऊल' मेळावा भरतो. पहिलीत येणारं मूल एकेका टेबलापाशी जातं, उड्या मारतं, चित्रं ओळखतं, वस्तूंची वर्गवारी करतं आणि विकासपत्रात त्याची नोंद होते. मला त्यात सगळ्यांत मोलाचे वाटतात ते माता गट. गल्लीतल्या आया एकत्र बसतात, फोनवर आलेली कृती मुलांकडून करून घेतात. शाळेचं तोंड न पाहिलेली आईही तिथं मागं राहत नाही. भाकरी मोजायला, वाटून द्यायला तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या पुसेगावात गणिताला काय तोटा? हळद शिजून वाळली की पोती, क्विंटल, भाव यांचीच बोलणी. लेकीला मी चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावते. तीन ढीग, चार सुटे, चौतीस. हे हाताला कळलं नाही तर पोर 34 च्या जागी 43 लिहितं आणि आपण उगाच रागावतो. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत गणित यावं, असं 2021 च्या निपुण भारत अभियानात ठरलं. ते एकट्या गुरुजींवर सोडून कसं चालेल?

घरातल्या आबांना पावकी, निमकी, दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा, असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. पाठांतराला माझा विरोध नाही, फक्त समज आधी हवी. लेकीला अर्धी भाकरी कळते, पाव कळते. पाऊण आता आबांनीच तोडून दाखवायची, असं ठरलंय.