न जुळणारे आकडे : एका .३०३ रायफलीचे वाचन

१/ जुनी ली-एनफील्ड रायफल समोर आली की जाणकार संग्राहक प्रथम बोल्टच्या मुठीमागचा अनुक्रमांक वाचतो आणि तोच आकडा पोलादी बॉडीवर आहे का, हे ताडून पाहतो. आकडे जुळले की तिचे मोल वाढते. न जुळल्यास ती ‘खिचडी’ ठरते. हा थ्रेड त्या खिचडी ठरवलेल्या रायफलीविषयी.

२/ जुळणीचा आग्रह मुळात सुरक्षिततेपोटी आला. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूच्या दोन खुंट्यांनी अडकतो आणि त्या खुंट्या कारागीर हाताने घासून त्या-त्या बॉडीत बसवत असे. परका बोल्ट घातला आणि काडतुसामागे जास्त फट राहिली, तर गोळी झाडताना काडतुसाचे पितळ फाटू शकते. म्हणून दोन्ही भागांवर एकच आकडा ठोकलेला असे.

३/ जन्माचा दाखला बॉडीच्या उजव्या अंगाला, दस्ता जिथे पोलादात बसतो तेथे मिळतो : मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष, नमुना. एनफील्ड, बी.एस.ए. आणि एल.एस.ए. ही इंग्लंडमधील नावे, लिथगो ऑस्ट्रेलियातले, तर इशापूर बंगालमधले. इशापूरच्या अनेक रायफलींवर ‘जी.आर.’च्या जोडीला ‘आय.’ हे तिसरे अक्षर आढळते. ते ‘इम्परेटर’चे, म्हणजे सम्राटपदाचे. नमुन्यापुढची चांदणी १९१६ची आठवण आहे : युद्धाच्या घाईत काही भाग गाळून उत्पादन सोपे केले गेले, त्याची ती खूण.

४/ नळीवर मात्र तिचे स्वतःचे वर्ष असते. १९१७ची बॉडी आणि १९४२ची नळी अशी जोडी दिसली, तर त्यात फसवणूक असेलच असे नाही. नळी झिजते, गंजते, आणि मग बदलली जाते. बोल्ट बदलला तर आर्मरर जुन्या आकड्यावर आडवी रेघ मारी आणि शेजारी नवा आकडा ठोकी. ‘एफ.टी.आर.’ ही अक्षरे कारखान्यात झालेल्या संपूर्ण दुरुस्तीची ग्वाही देतात.

५/ लाकूडही बोलते. इंग्लंडच्या रायफलींना बहुधा अक्रोडाचे लाकूड असे. लिथगोने पुढे ऑस्ट्रेलियातील कोचवूड वापरले. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू ही इशापूरची ओळखीची खूण; लाकूड फुटू नये म्हणून केलेली ती तजवीज. त्याच लाकडावर घट्ट गुंडाळलेली तार दिसली, तर ती रायफल बहुधा ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेली होती.

६/ काही बदलांत राज्यकर्त्यांचा अविश्वास कोरलेला आहे. इशापूरमध्ये अनेक रायफलींचे रूपांतर पोलीस आणि तुरुंगरक्षकांसाठी .४१० बोअरच्या बंदुकीत झाले. नळी आतून गुळगुळीत, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. सैन्याची .३०३ गोळी तिच्यात चालत नसे. बाहेरून रूप तेच. आतली ताकद काढून घेतलेली.

७/ स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या शिक्क्यात मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. १९६२च्या चीन युद्धानंतर याच धाटणीची, पण नव्या पोलादाची ७.६२ मि.मी. रायफल तेथे तयार झाली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, ‘के.एफ.’ छाप असलेली .३०३ची काडतुसे तिथली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर उभ्या ठाकलेल्या काही पोलिसांच्या हाती .३०३च होती. संग्राहकासाठी जी पुराणवस्तू, ती त्या पोलिसांसाठी त्या रात्रीची एकमेव ढाल होती.

८/ खरी फसवणूक ‘जुळवलेल्या’ आकड्यांत असते. जुना आकडा कानशीने घासून नवा ठोकला, की त्या जागी पोलाद किंचित खोलगट होते, अंकांच्या कडा नको इतक्या तीक्ष्ण दिसतात आणि अंकांचे वळण बाकीच्या ठशांशी जुळत नाही. बाजार जुळणीला अधिक दाम मोजतो, म्हणून हे घडते. आणि दर वेळी कुणाच्या तरी दुरुस्तीचा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

९/ आर्मररने रेघ मारलेला आकडा मात्र रेघेखालीही वाचता येतो. त्याला जुने लपवायचे नव्हते; ही रायफल पुन्हा वापरण्याजोगी केली, एवढेच नोंदवायचे होते. त्याचे नाव कुठल्याही शिक्क्यात नाही. उरली आहे ती फक्त ही रेघ. अशी रायफल पाहायला मिळाली, तर तिच्यात काय जुळत नाही ते आधी वाचावे.