उलटा तवा

माझी ताई मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या मनावरला असते. बाबा गेल्यावर तिने आईला तिकडे नेले. आईला मराठी-कानडी येते, हिंदी नाही. दिवसभर ती गप्पच बसून असायची.

मी सुट्टीत गेलो, तेव्हा भाचरांनी तंदुरी रोटीचा हट्ट धरला. घरात भट्टी कुठली? ताईने नॉनस्टिक तवा गॅसवर पालथा धरला, तर रोटी थेट बर्नरवर!

आई उठली. बेळगावहून नेलेला लोखंडी तवा तिने चांगला तापवला. रोटीच्या एका बाजूला पाणी लावून तीच बाजू तव्यावर दाबली. वर फोड येताच तवा आचेवर उलटा केला. रोटी चिकटून राहिली, खरपूस भाजली.

"भाकरीला पाणी वरून, हिला खालून. एवढंच!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण शिकायला आली, येताना ज्वारीची रोटी आणि अमाडीची भाजी घेऊन. निमाडातले हे रोजचे जेवण. आईने घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं, ही तर आपली पुंडीपल्ले!"

आईला हिंदी अजूनही येत नाही. पण फोन केला, की ताई सांगते, "थांब, आई शेजारी गेलीय."