भिंतीपासून दोन बोटं

चहाचा कप घेऊन कॅम्परच्या बाहेर आलो आणि सहज वर पाहिलं, तर छताची पट्टी भिंतीपासून सुटलेली. पुढच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढी फट. रात्री वारा खूप होता. आम्ही लडिंग्टनला होतो, मिशिगन सरोवराच्या काठावर. सरोवर म्हणायचं म्हणून म्हणायचं, पलीकडचा काठ दिसत नाही आणि पश्चिमेचा वारा सुटला की अगदी समुद्रासारखा अंगावर येतो. मी स्टुलावर चढलो आणि फटीत बोटं घातली. आत लाकूड लागायला हवं होतं. हाताला लागला तो ओला लगदा, गाळण्यातल्या चहाच्या चोथ्यासारखा.

तारीख १९ ऑगस्ट २०२३. तारीख पक्की आठवते, कारण त्या दिवसांत मी तारखाच मोजत होतो. अकरा दिवसांपूर्वी माझी नोकरी गेली होती. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. लडिंग्टनचं बुकिंग सहा महिने आधीच केलेलं, पैसे भरलेले. बायको म्हणाली, घरात बसून तू लॅपटॉपकडे बघत राहणार, त्यापेक्षा तिथे जाऊन सरोवराकडे बघ. म्हणून आलो होतो. उरले होते ४९ दिवस.

कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. आमचं वीस फुटी, २०१२ सालचं. आत पलंग, शेगडी, इवलंसं न्हाणीघर. बाहेरच्या बाजूला गुंडाळी करता येणारं कापडी छत, ज्याला इकडे ऑनिंग म्हणतात. ते उघडलं की दारापुढे अंगण तयार होतं. खरं सांगायचं तर आम्ही कॅम्पर घेतला तो त्या अंगणासाठीच. अपार्टमेंटमध्ये सगळं होतं, फक्त पाऊस पडत असताना बाहेर बसून भजी खायची सोय नव्हती.

आम्ही तो घेतला २०२१च्या वसंतात. कोविडमुळे विमानं, हॉटेलं नकोशी झाली होती आणि अख्ख्या अमेरिकेला एकाच वेळी चाकांवरचं घर हवं होतं. त्या एका वर्षात इथल्या कारखान्यांतून सुमारे ६ लाख गाड्या बाहेर पडल्या, तो उच्चांक होता. त्यातल्या बहुतेक शेजारच्या इंडियानातल्या, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या कारखान्यांतल्या. नव्या परवडेनात म्हणून लोक जुन्यांवर तुटून पडले. आम्हीही पडलो. ११ हजार डॉलर रोख मोजले. विकणारा माणूस फार गोड बोलायचा. छत उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. वरच्या पट्टीवर पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर होता. मी कौतुकाने म्हणालो, काळजी घेतलेली दिसतेय.

फट दिसली तेव्हा मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आमचे आण्णा कराडजवळच्या एका गावात मंडपाचा धंदा करतात. इकडे सकाळचे आठ, तिकडे संध्याकाळचे साडेपाच. गणपती एक महिन्यावर आले होते, ते गोदामात ताडपत्र्या उलगडून भोकं बघत बसले होते. मी फोन वर धरून फट दाखवली.

"कापड फाटलंय का?"

"नाही."

"मग कापडाकडं कशाला बघतुयास? भिंत बघ. कापड ओढणारच, त्येचं कामच हाय ते." मग जरा थांबून, "आन् मांडव कधी घराला बांधत्यात व्हय रं?"

हे मला माहीत असायला हवं होतं. बारावीपर्यंत मी त्यांच्याबरोबर मांडवावर जात होतो. दारात लग्न असलं तरी मांडव घराच्या भिंतीला किंवा वाशाला बांधायचा नाही, हा त्यांचा नियम. कडेला बांबू रोवायचे, काथ्याने आवळायचे, मांडव स्वतःच्या पायांवर उभा करायचा. घरमालक म्हणायचे, अहो ही कडी आहे की, टाका दोरी. आण्णा हसून नाही म्हणायचे. वारा खालून शिरला की कापडाचं शीड होतं आणि ते जिथे बांधलंय तिथे सगळा हिसका बसतो. बांबू उखडला तर परत रोवता येतो. भिंत उखडली तर मांडववाल्याला परत कोण बोलावणार?

दुसरं पावसाचं. लांबलेल्या लग्नात वळीव आला की ताडपत्रीला पोट सुटायचं. मी बांबू घेऊन खालून ते पोट वर ढकलायचो आणि पाणी बाहेरच्या बाजूला सोडायचो. कधी वरमाईच्या अंगावर सोडल्याबद्दल शिव्याही खाल्ल्या आहेत. आण्णा पाण्याचं वजन डोळ्यांनी सांगत. पुढे शाळेत गणित कळलं: एक मीटर लांब-रुंद जागेत पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते होतं ५० लिटर, म्हणजे ५० किलो. आमच्या कॅम्परच्या छतावर एवढं पाणी दोन वर्षांत कितीदा साचलं असेल! आम्ही खाली खुर्च्या टाकून भजी खात होतो.

घरी आणल्यावर उघडायचं ठरवलं. दुरुस्तीच्या दुकानाने तीन आठवड्यांनंतरची तारीख आणि ४ हजार डॉलरचा अंदाज दिला. तीन आठवडे माझ्याकडे नव्हते, ४ हजार तर नव्हतेच. अपार्टमेंटच्या आवारात असली गाडी उभी करायला बंदी, म्हणून एका मित्राच्या घरामागे, गवतात, ती नेऊन लावली. सकाळी इंटरव्ह्यू द्यायचे, दुपारनंतर लाकूड उकरायचं, असा दिनक्रम सुरू झाला. इंटरव्ह्यूंबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

कॅम्परची भिंत म्हणजे आपल्याला वाटते तशी भिंत नसते. आत पातळ प्लायवूड, बाहेर ॲल्युमिनियमचा नालीदार पत्रा आणि मध्ये अंगठ्याएवढ्या जाडीच्या पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा. छताची रेल स्क्रूने पत्र्यातून त्या पट्टीत बसवलेली असते. रेल आणि पत्रा यांच्यामध्ये करड्या रंगाची एक चिकट पट्टी असते, बटिल टेप. सगळं या टेपवर चालतं. ती वाळली, आकसली, की पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत उतरतं. एकेक थेंब. लाकूड कुजतं, स्क्रूची पकड सुटते, आणि मग तो नुसताच फिरत राहतो, आवळतही नाही आणि निघतही नाही. आढ्याचं पाणी वळचणीला, तसं ते आतून खाली येतं. पलंगाच्या उशाशी भिंतीचा कागद थोडा फुगला होता. दोन वर्षं आम्ही ते डिझाइन समजत होतो.

काढताना एक गोष्ट जपावी लागते. गुंडाळीच्या नळीत पिळलेली स्प्रिंग असते. ती पिन घालून अडवल्याशिवाय हात सोडवला तर नळीचं टोक गरकन फिरतं आणि बोटं मोडतं. मी पिन घातली होती, पण अर्धीच. नळीने एक हिसका दिला तेव्हा बायकोने दुसरं टोक धरून ठेवलं म्हणून हा लेख मी दहा बोटांनी टाइप करतोय.

सर्वात वाईट काम सिलिकॉनचं. त्यावर दुसरं काही चिकटत नाही, म्हणून कणन्‌कण खरवडून काढावं लागतं. प्लॅस्टिकच्या पात्याने तीन दुपारी खरवडत होतो. आणि त्याखाली स्क्रू दिसले. रेलभर सगळे एकसारखे, फक्त पुढच्या कोपऱ्यातले चार वेगळे, जाड आणि जवळजवळ दुप्पट लांबीचे. कारखान्यातले नव्हेत. कुणीतरी मूळ स्क्रू धरत नाहीत हे बघून मोठे घातले होते, तेही धरेनात तेव्हा वरून सिलिकॉन फासलं होतं, आणि मग फोटो काढून जाहिरात दिली होती.

त्याला माहीत होतं. तो गोड आवाज, ते छत उघडून दाखवणं. मी तिथेच गवतात बसून त्याला मराठीतून मनसोक्त शिव्या दिल्या. इंग्रजीतल्या पुरल्या नसत्या.

पत्र्याची कड सोडवली, कुजलेली पट्टी चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढली. ती दीड वीत खालपर्यंत गेली होती. दोन दिवस उन्हाला उघडं ठेवलं. नवी पट्टी जुन्या धड लाकडाला जोडून बसवली, त्यावर पत्रा, बटिल टेप, न गंजणारे स्क्रू, आणि छताच्या कडेला योग्य ते सीलंट. आण्णा रोज फोनवर बघायचे. छताच्या हातांची खालची टोकं भिंतीवरच्या कड्यांत अडकवलेली असतात, ती दाखवल्यावर म्हणाले, "ती तिथनं निघत्यात का बघ की." निघत होती! खटका दाबला की हात मोकळे होतात आणि जमिनीवर उभे करून खुंट्यांनी रोवता येतात. बनवणाऱ्यांनीच ती सोय ठेवली होती, माहितीपुस्तिकेत चित्र होतं. बराचसा भार मग जमिनीवर जातो. दोन वर्षांत आम्ही ते पान उघडलं नव्हतं. आण्णा इतके खूश झाले की त्यांनी गोदामातल्या पोरांना फोन दाखवला.

आता राहिला मागचा कोपरा. तिथल्या सहा स्क्रूंपैकी एक फिरत होता, पाच घट्ट होते. म्हणजे कुजायला सुरुवात झाली असणार. किंवा नसेलही. उघडल्याशिवाय कळलं नसतं. सप्टेंबरचा मध्य आला होता, दोन कंपन्यांनी नकार कळवला होता, आणि गाडी विकून तिकिटं काढायची हे आम्ही जवळपास ठरवलं होतं. मी मागचा कोपरा उघडला नाही. फिरणारा स्क्रू तसाच ठेवून वरून सीलंट लावलं. सीलंट लावताना हात कुणाचा आहे असं वाटलं, ते लिहितो आणि पुढे जातो.

जाहिरात आठ हजाराची दिली. त्यात लिहिलं, 'छत चालू स्थितीत, नुकतीच दुरुस्ती.' दोन्ही खरं होतं.

पहिला बघायला आला तो पन्नाशीचा, घाईतला माणूस. छत उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. मागच्या कोपऱ्याचा मी विषय काढला नाही. तो बराच वेळ होता, टायर बघत होता, आणि मी बोलत होतो, फार गोड बोलत होतो. त्याच्या गाडीला वजन झेपणार नाही म्हणून तो गेला. त्याने घेतली असती तर माझी गोष्ट वेगळी झाली असती, एवढं मला माहीत आहे.

रात्री बायकोला म्हणालो, पुढच्याला सांगायला हवं.

"आपल्याला सांगितलं होतं कुणी?" ती म्हणाली. ती वाईट बोलत नव्हती. तिच्यापुढे वहीत आकडे होते: मोडायच्या घरभाड्याच्या कराराचा दंड, दोन तिकिटं, सामान पाठवायचा खर्च. माझ्यामुळे तिलाही निघावं लागणार होतं, तिचा व्हिसा माझ्याच व्हिसाला टांगलेला. "तुझ्या प्रामाणिकपणाचे पैसे माझ्याही खात्यातून जातात, एवढं लक्षात ठेव." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

दुसरी आली ती नर्स. तीन-तीन महिन्यांच्या करारावर गावोगावच्या हॉस्पिटलांत काम करायची, भाडी परवडत नाहीत म्हणून कॅम्परमध्येच राहणार होती. म्हणजे सुट्टीपुरतं नाही, रोज. तिने पलंगावर बसून बघितलं, उशाशी कुठे आहे ते बघितलं. मी फोनवरचे फोटो उघडले. काळं लाकूड, चार लांब स्क्रू, नवी पट्टी. मग तिला मागे नेऊन तो कोपरा दाखवला. म्हणालो, हा मी उघडलेला नाही, आत काय आहे सांगता येणार नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. बायको दारात उभी होती, तीही.

६ हजार २०० ला सौदा झाला. बायकोने कागद स्वतः भरले. नर्सला छताचे हात जमिनीवर कसे रोवायचे तेही तिनेच दाखवलं.

गाडी गेली त्या रात्री आण्णांना फोन लावला. तिकडे सकाळ होती, अनंत चतुर्दशी उलटून गेली होती, ते चौकातला मांडव उतरवत होते. मागे बांबू पडल्याचे आवाज येत होते. किती आले विचारलं. सांगितलं.

"पावसात एक कोपरा खाली ठिवायला सांगितलंस का तिला? न्हाईतर पोट सुटंल."

"सांगितलं."

"आन् मागचं?"

"तेही."

"बरं." मग कुणावर तरी ओरडले, काथ्या कापू नको, सोडव, परत लागतो. आणि फोन परत कानाला लावून म्हणाले, "तिकिटं कवाची हायेत?"