वहिनींचें आसन

मोटारगाडी ही वस्तु आमच्या पिढीच्या शाळामास्तरांनीं बहुधा बाहेरूनच पाहिली. १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट व पुढें तिचेंच पद्मिनी हें नांव, एवढीच काय ती आमची ओळख, आणि तीही टॅक्सीच्या भाड्यापुरती. तिच्यांतील पुढचें आसन म्हणजे एक सलग बांक असे. चालकासकट साऱ्यांचा मिळून एक. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून ती शेवटची टॅक्सीही गेली. अमेरिकन मोटारींत विजेनें हलणारीं आसनें १९५० च्या दशकांतच आलीं होतीं, हें मला फार उशिरां वाचून कळलें. आणि त्या विद्येशीं प्रत्यक्ष संबंध आला तो तर साठी उलटल्यावर, आमच्या वहिनींच्या गुडघ्यांमुळें.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं संधिवाताचें माणूस आहे त्यांस अधिक सांगावयास नको. वहिनी आतां चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आमची आई गेली तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों व वहिनी नुकत्याच लग्न होऊन घरांत आल्या होत्या. माझी धुळाक्षरें त्यांनींच गिरवून घेतलेलीं. पुतण्याची गाडी बुटकी. वहिनी तींत बसतांना धपकन् बसत, आणि उतरतांना दोघांनीं दोहों बाजूंनीं काखेंत हात घालावे लागत. एके दिवशीं त्या शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, मला गोणीसारखें चढवूं-उतरवूं नका. मी घरींच बरी.” त्यानंतर डोंबिवलीस बहिणीकडे जाणें बंद झालें. डॉक्टरांच्या खेपा सोडल्यास त्या गाडींत बसेनाशा झाल्या.

नवी उंच गाडी घेण्याचें घरांत कोणाच्या मनांत येण्याजोगें नव्हतें. आसनावर जाड उशी ठेवावी असा एक विचार निघाला; पण आमच्या शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांचें विजेचें काम करणारा एक तरुण कारागीर आहे, त्यानें तो तत्काळ खोडून काढला. उशीवर बसलेल्या माणसाच्या कमरेचा पट्टा हाडावर न बसतां पोटावर चढतो, आणि ब्रेक लागतांच उशी आधीं सरकते, असें तो म्हणाला. मात्र याच जातीच्या गाडीच्या वरच्या श्रेणींत डावें आसनही बटनानें उंच होतें व तें आमच्या गाडीच्या बोल्टांवर जसेंच्या तसें बसेल, हेंही त्यानेंच सांगितलें. चौकशी करतां इतक्या जुन्या गाडीचें तें आसन नवें मिळत नाहीं असें उत्तर आलें. राहतां राहिला भंगारबाजार.

जुईनगराहून हार्बर लाईननें कुर्ला सरळ आहे. निघतांना कारागिरानें स्कूटरची एक छोटी बॅटरी पिशवींत घेतलेली पाहून मला नवल वाटलें. त्याचें कारण तेथें गेल्यावर उमगलें. विजेच्या आसनाचे मागचे बोल्ट आसन पुढें सरकविल्यावांचून पान्यास लागत नाहींत, पुढचे तें मागें नेल्यावांचून दिसत नाहींत. आणि मोडींत निघालेल्या गाडींत बॅटरी कोठली असावयाची! तिच्या दोन तारा लावतांच तें धुळीनें माखलेलें आसन गुरगुरत हललें. मोटरी जिवंत असल्याची परीक्षाही त्यांतच झाली.

कटिंगवाल्यानें आसन सोडविलें आणि तारा तोडावयास पकड उचलली. “तोडूं नका, तारच पाहिजे,” म्हणून आमचा कारागीर मध्यें पडला. आसन काय, कोणीही विकतो. त्याच्या तारा जोडांसकट कोणी विकत नाहीं, आणि जोडावांचून आसन म्हणजे नुसतें जड सामान, असें त्याचें म्हणणें. मग गालिचा उचलून आसनाखालच्या कपलरचे दोन्ही अर्धे भाग आणि तेथून फ्यूजपेटीपर्यंतची सारी लड त्यानें एकेक चिमटा सोडवीत अखंड काढली. त्यांत दीड तास गेला. ज्या आसनांच्या पोटांत अपघाताच्या वेळीं फुगणारी पिशवी असते त्यांस त्यानें हातही लावला नाहीं. त्यांचे पिवळे जोड तपासयंत्रानें कधींही चाचपूं नयेत असें तो सांगत होता. आमच्या गाडीच्या आसनांत तशी पिशवी नाहीं, म्हणून तशीच नसलेलें आसन त्यानें शोधून काढलें. मालाची पावती घेतली, कोणत्या गाडीचा तें तींत लिहून घेतलें, व टेम्पोनें सारें शिरवण्यास आणलें.

पुढील काम मीं स्टुलावर बसून पाहिलें. लडींत जाड-बारीक मिळून कितीतरी रंगांच्या तारा होत्या. तपकिरी कोणती, काळी कोणती, असें मी विचारीत असतां तो म्हणाला, “गुरुजी, रंगावर विश्वास ठेवूं नका. मागें कोणी दुरुस्ती केली असेल तर रंग खोटा असतो. तार काय करते तें पाहायचें.” हें ऐकून मला आमच्या अन्वयाची आठवण झाली. ‘रामौ’ हें रूप पाहून प्रथमा कीं द्वितीया तें ठरत नाहीं, क्रियापदाशीं संबंध लावल्यावर ठरतें. वाक्यार्थास आकांक्षा, योग्यता व सन्निधि लागतात असें आम्हीं पाठ केलें. यानें योग्यतेचा अर्थ मला तांब्यांत दाखविला. आसन उचलणाऱ्या मोटरीला ओझ्याखालीं बराच प्रवाह लागतो, म्हणून बॅटरीपासून येणारी तार चार चौरस मिलिमीटरची हवी. दिव्याची बारीक तार जोडली तर जोड दिसावयास बरोबर, पण तार तापून जळावयाची.

बटनाची रचना मात्र फार सुरेख. तें सोडलेलें असतां मोटरीचीं दोन्ही टोंकें ऋणास जोडलेलीं असतात. एका बाजूस दाबलें कीं एक टोंक धनास जातें, दुसऱ्या बाजूस दाबलें कीं दुसरें. म्हणून एकच मोटर वर नेते आणि खालींही आणते.

आरंभीं त्यानें बॅटरीचें ऋण टोंक सोडलें. आमच्या फ्यूजपेटींत त्या जागीं रिकामी खांच होती, आंत पितळ नव्हतें. म्हणून नवी तार इंजिनाकडील भिंतीच्या रबरी बुचांतून बाहेर नेऊन बॅटरीजवळच तीस अँपिअरचा हिरवा फ्यूज घातला. तो बॅटरीच्याच टोंकाशीं कां, असें पुतण्यानें विचारलें. फ्यूज राखतो तो तारेला. तो आसनापाशीं बसविला तर मधली सारी तार उघड्यावर पडते. ऋण तारेसाठीं पत्र्यावरील रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट आवळला. जोड पिळून नुसती चिकटपट्टी गुंडाळली नाहीं. आपल्या उन्हांत तिचा गोंद वितळून वाहतो. दाबून बसविलेल्या जोडांवर गरम केल्यानें आवळणारी नळी चढविली. आसन पुढें-मागें होतांना तार ओढली जाऊं नये म्हणून खालीं एक सैल वेटोळें सोडलें व तें सरकत्या पट्टीपासून दूर बांधलें. किल्लीवांचूनही आसन चालावें अशी जोडणी केली, कारण वहिनींनीं उतरावयाचें तें गाडी बंद झाल्यावर.

संध्याकाळीं वहिनींस खालीं आणलें. आसन पुरतें वर नेलेलें होतें. त्या आधीं पाठमोऱ्या होऊन त्यावर टेकल्या, मग पाय आंत घेतले. कोणी हात लावला नाहीं. बटन कोठें तें मीं दाखविलें. त्यांनीं तें दाबून स्वतःस खालीं नेलें, पुन्हां वर आणलें, आणि विचारलें, “वीज फार खातें का हो हें?” फार खात नाहीं, असें कारागिरानें सांगितल्यावर त्यांनीं आणखी दोनदां वर-खालीं करून पाहिलें. पुढच्याच आठवड्यांत त्या डोंबिवलीस गेल्या व बहिणीच्या दारांत कोणाच्या मदतीवांचून उतरल्या.

काढलेलें जुनें आसन सध्यां आमच्या गॅलरींत आहे. दादा सकाळीं त्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात.