काळा घोडा : दार उघडे आहे, आत चला!

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे आपल्या जुन्या व्ही. टी.वर उतरून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे चालू लागले की वाटेत आनंद भवन लागते. परमपूज्य बाबासाहेबांनी 1945 साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीची ही वास्तू. आपल्या समाजातील कितीतरी माणसे इथे येताना अभिमानाने मान वर करतात. मात्र तिथून थोडे पुढे, काळा घोडा भागात, आपली पावले सहसा वळत नाहीत. वळली तरी म्युझियम पाहून परत फिरतात. समोरच्या चित्रांच्या गॅलऱ्या आपल्यासाठी नाहीत, अशी आपण आपलीच समजूत करून घेतली आहे.

वास्तविक या भागाशी आपले नाते जुने आहे. ज्या घोड्यावरून हे नाव पडले, तो इंग्लंडच्या राजाचा काळा पुतळा 1965 साली इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. 2017 साली इथे स्वाराविना असा नवा घोडा उभा राहिला. राजा गेला, घोडा तेवढा राहिला! याच चौकात एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत आहे. तरुण भीमराव याच कॉलेजात शिकून बी. ए. झाले आणि 1913 साली अमेरिकेला गेले. इथे शिकत असताना कॉलेजमधला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. त्याच रस्त्यावर समोर जहांगीर आर्ट गॅलरी आहे. जिथे बाबासाहेबांना पेलाभर पाणी मिळाले नाही, तिथे आज आपल्याला कोणी अडवू शकत नाही. मग आपणच का अडखळावे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील बारा-तेरा जणांनी एक रविवार यासाठी राखून ठेवला. महिला मंडळाच्या भगिनी होत्या, कॉलेजात जाणारी मुले होती आणि नुकतेच निवृत्त झालेले दोन सफाई कामगारही होते. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली सुरू झाली. तिकीट नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, कोणीही आत जावे. इथली दालने चित्रकार आठवड्याच्या भाड्याने घेतात. मंगळवारी प्रदर्शन लागते, पुढच्या सोमवारी उतरते. त्यामुळे बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. आमच्यातील एका भगिनीने एका तरुण चित्रकाराला सरळ विचारले, "हे काढायला किती दिवस लागले, दादा?" तो उठून उभा राहिला आणि अर्धा तास समजावून सांगत बसला. कलावंताला पाहणारा हवा असतो. तो बंगल्यातून आला की चाळीतून, याची चौकशी खरा कलावंत करीत नाही.

सगळीकडे असेच घडले, असे मात्र नाही. जवळच्याच एका खाजगी गॅलरीच्या दारात रखवालदाराने आमच्या भगिनींना "काय काम आहे?" म्हणून हटकले. आमच्या पुढे गेलेल्या मोटारवाल्यांना हा प्रश्न पडला नव्हता. "चित्रे पाहायची आहेत," एवढेच शांतपणे सांगून आम्ही आत गेलो. वाचकहो, अशा वेळी भांडण करू नये आणि मागेही फिरू नये. चित्रांचे दुकान हेही शेवटी दुकानच. तिथे भाव विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

या व्यवहाराची थोडी माहिती असली की भीड चेपते. चित्राशेजारी किंमत लिहिलेली नसली, तर टेबलावर किमतीची यादी असते. ती मागून घ्यावी. चित्राजवळ लाल टिकली चिकटवलेली दिसली, तर ते विकले गेले असे समजावे. खाजगी गॅलरी चित्रकाराच्या वतीने चित्र विकते आणि त्यातील मोठा हिस्सा आपल्याकडे ठेवते. म्हणून तिथे चित्र महाग पडते. मोठ्या चित्रांचे भाव ऐकून छाती दडपते, हे खरे. पण छापचित्र नावाचा एक प्रकार आहे. लाकडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून चित्रकार मोजक्या प्रती काढतो आणि प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने सही व आकडा घालतो. 3/20 लिहिले असेल, तर वीस प्रतींपैकी ही तिसरी. अशी प्रत कलावंताच्या हातची असते आणि त्याच चित्रकाराच्या मोठ्या चित्रापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. जहांगीरच्या बाहेर फूटपाथवर बसणारे कलावंतही आहेत. तिथे भाव आणखी उतरतो. कला उतरतेच असे नाही. कुठूनही घ्या, पण पावती घ्या. पावतीवर चित्राचे नाव, माप, चित्रकाराचे नाव आणि साल असावे.

आता कोणी म्हणेल, पोरांच्या फिया भरताना नाकी नऊ येतात, तिथे हे चित्रांचे खूळ कशाला? प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून चित्र घ्या, असे कोणीही शहाणा सांगणार नाही. पण कार्ल्याच्या चैत्यगृहात एकदा जाऊन या. तिथले लेख वाचले, तर कळते की ते सगळे काम एकट्या राजाने करवलेले नाही. एकेक खांब एकेका उपासकाच्या दानातून उभा राहिला. दान देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे लोक आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी आहे, भिक्षुणी आहेत. सामी नावाच्या सुताराचे नावही तिथे कोरलेले आहे. रायगड जिल्ह्यातील कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकरी माणसांनी आपापला वाटा उचलला, म्हणून बौद्ध कला उभी राहिली. ती परंपरा आपली आहे. कला ही श्रीमंतांची चैन, हा विचारच मुळी आपल्या धम्माला परका आहे.

बाबासाहेबांनी तर स्वतः कुंचला हाती घेऊन उघड्या डोळ्यांचा बुद्ध चितारला. आज आपल्यातून मोठे चित्रकार पुढे आले आहेत. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यातले मडके आणि कमरेचा खराटा चित्रात आणला, देवदासींचे दुःख रंगवले. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत तथागतांचे आणि बाबासाहेबांचे जीवन उतरवले. ज्या शैलीत देवादिकांच्या कथाच रंगवल्या जात, तिथे त्यांनी आपली माणसे बसवली. अशी चित्रे परक्यांच्या दिवाणखान्यात आणि परदेशातल्या संग्रहात जातात, याचा आनंदच आहे. पण आपल्या विहाराच्या भिंतीवर त्यातले एकही नसावे, ही गोष्ट मनाला लागते.

म्हणून आमच्या मंडळींनी त्याच दिवशी, जहांगीरच्या पायऱ्यांवर बसून हिशेब मांडला. वस्तीतील पन्नास घरांनी दोनशे रुपये दिले, तर दहा हजार होतात. बुद्ध पौर्णिमेच्या मंडपावर आणि लाऊडस्पीकरवर आपण यापेक्षा जास्त खर्च करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच उरत नाही. वर्गणी जमली. महिन्याभराने दोघांनी जाऊन एका होतकरू चित्रकाराचे पिंपळाखाली बसलेल्या कष्टकरी बायांचे छापचित्र पावतीसह विकत आणले. विहारात ते लावताना ओल येणारी भिंत टाळली, ऊन पडणार नाही अशी जागा निवडली आणि काच व चित्र यांमध्ये जाड पुठ्ठ्याची किनार ठेवली. पावसाळ्यात मुंबईची भिंत कागदाची काय अवस्था करते, हे चाळकऱ्यांना सांगायला नको. आता रविवारच्या वंदनेनंतर लहान मुले त्या चित्रासमोर रेंगाळतात आणि त्यातली कोणती बाई आपली आजी, यावरून वाद घालतात.

घरोघरी असलेल्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या छापील तसबिरी आपल्याला प्राणप्रिय आहेत आणि राहतील. त्यांच्या शेजारी एक जागा आपल्या काळातील, आपल्या दुःखाची आणि उमेदीची चित्रे काढणाऱ्या हाताला द्यावी, एवढेच मागणे आहे. आपला कलावंत जगला, तर आपला इतिहास रंगांत टिकेल. येत्या रविवारी मुलाबाळांना घेऊन काळा घोड्याला जा. विकत घेतलेच पाहिजे असे नाही. बघा, विचारा, भाव काढा. दार उघडे आहे.

जयभीम!